पाककृती तीच, मग पदार्थ का बिघडतो?

वाचकांचे प्रश्न, स्वयंपाकघरातली उत्तरे

स्ट्रॉबेरी बाजारात उतरली की या सदराच्या टपालात सगळ्यात आधी जॅम येतो आणि त्याच्या मागोमाग केक. या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या पत्रांत पेढे, भडंग आणि ढोकळाही आहेत. बऱ्याच पत्रांत एक वाक्य सारखं आहे: ‘व्हिडिओत दाखवलं अगदी तसंच केलं.’ केलंही असेल. पण व्हिडिओतला कप, दूध, पीठ, पातेलं आणि गाव तुमचं नव्हतं, आणि बहुतेक बिघाड तिथूनच सुरू होतात. खाली जिथे नुसता ‘चमचा’ म्हटलं आहे तिथे ५ मिलीचा, सपाट भरलेला चहाचा चमचा समजावा.

प्रश्न : मी वाईला राहते. घरी केलेला स्ट्रॉबेरी जॅम पातळ राहिला, सरबतासारखा ओघळतो. मग नणंदेकडे पाचगणीला थर्मामीटर लावून, पाककृतीत लिहिल्याप्रमाणे १०५ अंश होईपर्यंत आटवला, तर तो चिक्कीच्या पाकासारखा घट्ट झाला आणि रंग काळपट आला. नेमकं कुठे चुकतं?

तुमचे दोन्ही जॅम वेगवेगळ्या कारणांनी बिघडले आहेत. पाचगणीचं आधी पाहू.

जॅमसाठी १०४ ते १०५ अंश हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. तिथे पाणी १०० अंशांना उकळतं आणि जॅम त्याच्यापेक्षा ४ ते ५ अंश वर तयार होतो. उंची वाढली की पाण्याचा उत्कलनबिंदू दर ३०० मीटरला साधारण १ अंशाने उतरतो. पाचगणी-महाबळेश्वर १,३०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे तिथे पाणी सुमारे साडेपंचाण्णव अंशांनाच उकळतं. जॅम १०० अंशांच्या जरा पुढे गेला की गॅस बंद करायला हवा होता. तुम्ही १०५ पर्यंत नेलात तेव्हा बरंचसं पाणी उडून नुसता पाक उरला आणि जास्त वेळ उकळल्याने फळाचा रंगही गेला. थर्मामीटर वापरायचाच असेल तर आधी त्याच गॅसवर साधं पाणी उकळून आकडा बघावा आणि त्यात साडेचार मिळवावेत. वाईला हा हिशेब १०२ अंशांच्या आसपास येईल.

आता पातळ जॅमकडे. जॅम धरतो तो पेक्टिनमुळे, आणि स्ट्रॉबेरीत ते मुळात कमी असतं. फळ जितकं जास्त पिकलेलं तितकं पेक्टिन आणखी कमी. हंगामाच्या शेवटी स्वस्त मिळणारी मऊ फळं घेऊन जॅम करतात, तो म्हणूनच धरत नाही. घेतलेल्या फळांत पाव भाग तरी टणक, देठाशी किंचित पांढरट असलेली हवीत. शिवाय पेक्टिनला आंबटपणा लागतो. स्वीट चार्लीसारख्या गोड जातीत तो फारसा नसतो, त्यामुळे लिंबाला पर्याय नाही.

प्रमाण असं घ्या : देठ काढलेली स्ट्रॉबेरी १ किलो, साखर ७५० ग्रॅम, दोन-तीन लिंबांचा मिळून ५० मिली रस. लिंबाच्या बिया स्वच्छ मलमलच्या पुरचुंडीत बांधून शिजताना जॅममध्ये सोडा आणि शेवटी पिळून काढा. बियांत पेक्टिन भरपूर असतं. फळं आणि साखर मिसळून ५-६ तास झाकून ठेवा. रस सुटला की रुंद स्टीलच्या पातेल्यात घाला. पितळ, लोखंड किंवा अॅल्युमिनियम नको, आंबट रस त्याला लागतो. साखर विरघळेपर्यंत आच मंद, मग लिंबाचा रस घालून मोठी. मंद आचेवर तासभर रटरटवलेला जॅम हमखास बिघडतो, कारण तेवढ्या वेळात पेक्टिनच मोडतं. एका वेळी किलोभरापेक्षा जास्त फळ घेऊ नये, ते याचसाठी.

झाला की नाही हे पाहायची सगळ्यात भरवशाची रीत वजनाची आहे. टिकाऊ जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ ६५ टक्क्यांच्या आसपास असतात. ७५० ग्रॅम साखर आणि फळातले साधारण ८० ग्रॅम धरले तर तयार जॅम सव्वा किलोच्या जवळपास भरायला हवा. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा आणि शेवटी शेवटी पातेल्यासकट काट्यावर ठेवून बघा. ही रीत महाबळेश्वरला चालते तशीच मिरजेलाही चालते. काटा नसेल तर फ्रीझरमध्ये थंड केलेल्या स्टीलच्या ताटलीत थेंब टाका, मिनिटभर थांबा आणि बोटाने ढकला. वर सुरकुती पडली की झालं. परीक्षा चालू असताना पातेलं गॅसवरून खाली घ्यायला विसरू नका, नाहीतर तेवढ्यात तो पुढे जातो.

पातळ राहिलेला जॅम टाकू नका. आधी चोवीस तास थांबा, कारण तो गार झाल्यावरही धरत राहतो. तरी ओघळत असेल तर एका लिंबाचा रस घालून रुंद पातेल्यात मोठ्या आचेवर पुन्हा उकळा आणि वजन पाहा. घट्ट झालेल्या जॅममध्ये अर्धी वाटी गरम पाणी घालून एक उकळी आणली तर तो पोळीला लावण्यासारखा होईल. त्याचा रंग मात्र परत येणार नाही.

प्रश्न : बेकिंग पावडर संपली होती म्हणून तेवढाच खाण्याचा सोडा घातला. केक तपकिरी झाला, मध्ये खड्डा पडला आणि चव साबणासारखी लागली. शिवाय ‘एक कप मैदा’ म्हणजे नक्की किती? (एक वाचक, कोरेगाव)

सोडा बेकिंग पावडरच्या तीन-चार पट जोरकस असतो. पावडरीत सोड्याबरोबर त्याला लागणारं आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेलं असतं. नुसत्या सोड्याला ते आम्ल बाहेरून द्यावं लागतं. १ चमचा बेकिंग पावडरऐवजी पाव चमचा सोडा आणि त्यासोबत अर्धा कप दही घ्या, आणि दह्याइतकं दूध किंवा पाणी पाककृतीतून कमी करा. तुमच्या केकमध्ये आम्ल न मिळालेला सोडा तसाच उरला. साबणाची चव त्याची, आणि तपकिरी रंगही त्याचाच. खड्डा पडला तो जास्त वायूमुळे : पीठ शिजून घट्ट व्हायच्या आत फुगलं आणि आधार नसल्याने बसलं. खड्ड्याची आणखी दोन नेहमीची कारणं म्हणजे पहिल्या पंचवीस मिनिटांत झाकण उघडणं आणि मधला भाग कच्चा असताना उतरवणं.

कपाचं म्हणाल तर परदेशी पाककृतीतला कप साधारण २४० मिलीचा असतो. घरातली आमटीची वाटी दीडशेची असू शकते, दोनशेचीही. ‘सगळं एकाच वाटीने मोजलं, मग काय बिघडतं?’ असं बऱ्याच पत्रांत विचारलेलं असतं. पीठ, साखर, दही यांचं आपसातलं प्रमाण त्याने खरंच टिकतं. पण सोडा चमच्याने मोजलेला असतो, अंडी नगावर असतात आणि टिन तेवढंच राहतं. वाटी लहान झाली की सोडा आपोआप जास्त पडतो. मैद्यातही गंमत आहे : डब्यात कप खुपसून भरला तर १५० ग्रॅम, चमच्याने हलकेच भरून सुरीने सपाट केला तर १२५. एका कपाला २५ ग्रॅमचा फरक म्हणजे केक भुरभुरीत की कोरडा ठणठणीत याचा निकाल लागलाच म्हणायचा. स्वयंपाकघरातला लहान डिजिटल काटा हा ओव्हनच्या आधी घ्यावा असं आमचं मत आहे.

बिनअंड्याच्या साध्या केकचं ग्रॅममधलं प्रमाण देतो, सात इंची टिनसाठी : मैदा १९० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, ताजं घट्ट दही २४० ग्रॅम, तेल १२० मिली, बेकिंग पावडर सव्वा चमचा, सोडा अर्धा चमचा, मीठ चिमूटभर. दही नि साखर घोटून त्यात बेकिंग पावडर आणि सोडा घाला, पाच मिनिटं फेस येऊ द्या. मग तेल, मग चाळलेला मैदा. मैदा घातल्यावर फेटू नका, पीठ दिसेनासं झालं की थांबा. जास्त फेटला तर चिवट होतो. १८० अंशांच्या तापलेल्या ओव्हनमध्ये ३५ ते ४० मिनिटं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई, तळाला मिठाचा थर, त्यावर जाळी किंवा ताटली, आणि घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून टिन ठेवा आणि आच मंद करा. ४० मिनिटांनी मध्ये सुरी घालून बघा. प्रेशर कुकर कोरडा तापवण्याची टूम फार आहे. त्याने रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह खराब होतात, म्हणून आम्ही ती सुचवत नाही.

प्रश्न : याच केकमध्ये मैद्याऐवजी ज्वारीचं पीठ चालेल का? माझा पार कोसळला. (एक वाचक, जत)

पूर्ण चालणार नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे फुगलेला वायू धरून ठेवायला जाळीच तयार होत नाही. एक तृतीयांशापर्यंत बदला : १३० ग्रॅम मैदा आणि ६० ग्रॅम ज्वारी. दळण ताजं आणि बारीक चाळणीचं हवं. मिश्रण वीस मिनिटं भिजू द्या, नाहीतर खाताना रवाळ लागतं. तसं करायचं असेल तर सोडा आणि बेकिंग पावडर पीठ भिजल्यानंतर, टिनमध्ये ओतायच्या अगदी आधी घाला.

प्रश्न : साताऱ्याच्या कंदी पेढ्यासारखा पेढा घरी करून पाहिला. रंग छान आला, पण साखर घातल्यावर खवा सैल झाला आणि पेढा वळेचना. फ्रिजमध्ये ठेवल्यावर दगड झाला. (एक वाचक, खटाव)

साखर गरम खव्यात पडली. तिचं पाणी सुटलं, ते आटवायला तुम्ही पुन्हा गॅसवर ठेवलंत, तिथे पाक झाला आणि तो गार झाल्यावर दगड बनला. पत्रात पुन्हा परतल्याचं लिहिलेलं नाही, पण दगड होण्याचा रस्ता बहुधा तोच.

कंदी पेढ्याची ओळख म्हणजे चांगला तपकिरी होईतो भाजलेला खवा आणि बेताची साखर. ५०० ग्रॅम म्हशीच्या दुधाचा खवा मोकळा किसून जाड कढईत, अगदी मंद आचेवर. आधी तो सैल होतो, मग तूप सुटतं, मग दाणे मोकळे होऊन बदामी रंग येतो. बदामीवर थांबलात तर साधा पेढा होईल. तपकिरीपर्यंत न्यायला एकूण २५ मिनिटं तरी धरा. उलथनं थांबवायचं नाही. आच मोठी झाली तर तूप सगळं बाहेर येतं आणि खवा कोरडा, चरबट होतो. तळाला लागायला लागला तर दुधाचा शिपका मारा, चमचाभरच.

मग परातीत काढून पसरवा. हात ठेवून सहज सोसेल इतका कोमट झाला की १५० ग्रॅम पिठीसाखर, अर्धा चमचा वेलची आणि किंचित जायफळ घालून मळा. वळताना तडे गेले तर कोमट दुधाचे थेंब लावा. साखर घरी दळलेली घ्यावी. आयसिंग शुगरमध्ये कॉर्नस्टार्च असतो, त्याने पेढा पिठूळ लागतो.

खवा विकतचा असेल तर चिमूटभर पाण्यात उकळून, गार करून त्यावर आयोडीनचा थेंब टाका. निळा झाला तर त्यात स्टार्च आहे, आणि असा खवा कितीही भाजला तरी दाणा धरणार नाही. घरी आटवायचा तर १ लिटर म्हशीच्या दुधातून २०० ग्रॅम किंवा थोडा जास्त खवा मिळतो. गाईच्या दुधाचा कमी पडतो आणि चिकट होतो.

प्रश्न : ढोकळ्यात आमच्या सांगलीची चांगली हळद घातली, तर वर लाल डाग पडले. हळदीत भेसळ असेल का? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

हळदीवर संशय नको. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. कुंकू याच गुणावर बनतं. ढोकळ्यात सोडा नीट मिसळला गेला नाही किंवा जास्त झाला की तिथे तिथे लाल ठिपके उठतात. हळद जितकी उत्तम तितका डाग गडद.

२०० ग्रॅम बेसनाला पाऊण चमचा लिंबूसत्व आणि पाऊण चमचा सोडा घ्या. या दोन वस्तू जवळपास सारख्या मापात एकमेकींना पुऱ्या पडतात, म्हणून एक कमी केली तर दुसरीही कमी करायची. लिंबूसत्व पाण्यात विरघळवून पिठात आधी घाला. सोडा चाळून, दोन चमचे पाण्यात कालवून अगदी शेवटी. एकाच दिशेने भरभर हलवा आणि पाण्याला उकळी आलेली असतानाच थाळी आत ठेवा. मिश्रण पाच मिनिटंही थांबलं तर वायू उडून जातो आणि ढोकळा बसतो. हळद पाव चमच्याच्या वर नको. मोठ्या आचेवर १५ ते १८ मिनिटं वाफवा.

प्रश्न : भडंग दुसऱ्या दिवशी मऊ पडतो आणि मसाला डब्याच्या तळाशी बसतो. (एक वाचक, मिरज)

मऊ पडतो तो लसणामुळे. ठेचलेल्या लसणात पाणी असतं आणि तो नुसता गुलाबी करून थांबलात तर ते पाणी डब्यात चुरमुऱ्यांना जातं. लसूण तपकिरी, कुरकुरीत व्हायला हवा, कढीपत्ता हातात चुरडण्याइतका कडक. २५० ग्रॅम चुरमुऱ्यांना ८० मिली तेल, १०० ग्रॅम शेंगदाणे, सालीसकट ठेचलेल्या १५-२० पाकळ्या. शेंगदाणे आधी तळून काढा, मग मंद आचेवर लसूण.

चुरमुरे भडंगाचे, जाड आणि फुगीर घ्यावेत. भेळेचे पातळ चुरमुरे तेल पितात. वेगळ्या कढईत मंद आचेवर ५-६ मिनिटं गरम करा, बोटाने दाबल्यावर कट्‌कन मोडले पाहिजेत. फोडणीचा गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मग अर्धा चमचा हळद, दोन चमचे तिखट, मेतकूट आवडत असेल तर चमचाभर, आणि लगेच चुरमुरे. गरम चुरमुऱ्यांना मसाला चिकटतो, गारांवरून गळून तळाशी जातो. पिठीसाखर शेवटी. मीठ घालण्यापूर्वी चार चुरमुरे चाखा, ते बऱ्याचदा मुळातच खारे असतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये.

प्रश्न : कराडकडच्या ढाब्यावर मिळतो तसा अख्खा मसूर घरी होत नाही. एकदा दाणे टणक राहिले, एकदा पिठलं झालं. (एक वाचक, पलूस)

टणक राहिले तेव्हा टोमॅटो किंवा चिंच मसुराबरोबरच कुकरमध्ये गेली असेल. आंबटामुळे साल मऊ होत नाही. दुसरं कारण बोअरचं जड पाणी : त्यातल्या कॅल्शियमनेही साल टणक राहते. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा, किंवा दोन चिमटी सोडा घाला. त्याहून जास्त सोडा म्हणजे पिठलं, तुमचं दुसऱ्यांदा झालं तसं. मिठाला लोक उगाच दोष देतात. भिजवण्याच्या पाण्यात थोडं मीठ असेल तर साल उलट लवकर मऊ होते.

२०० ग्रॅम मसूर चार-पाच तास भिजवा, ६०० मिली पाण्यात दोन शिट्ट्या, वाफ आपोआप जिरू द्या. कांदा तपकिरी, मग आलं-लसूण, टोमॅटो, दोन चमचे कांदा-लसूण मसाला, कडेने तेल सुटेपर्यंत. मग मसूर त्याच्या पाण्यासकट घाला. डावभर दाणे कढईतच चेचा म्हणजे रस्सा आळतो आणि बाकीचे दाणे अख्खे राहतात. वरून पाणी लागलंच तर गरम.

प्रश्न : तासगावचे बेदाणे केकच्या तळाशी जाऊन बसतात. (एक वाचक, तासगाव)

मिश्रण पातळ आहे. वरच्या प्रमाणात दही पाणीदार असेल तर ते पंचात टांगून थोडं घट्ट करा. बेदाणे मोठे असतील तर अर्धे कापा. पीठ चोळून काही फारसं साधत नाही, त्यापेक्षा अर्धं मिश्रण नुसतं ओतून उरलेल्या अर्ध्यात बेदाणे घालावेत. आधी कोमट पाण्याने धुऊन पुसून घ्या : द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, त्याचा पातळ थर सालीवर राहू शकतो.

प्रश्न : चार जणांची पाककृती वीस जणांसाठी करायची तर सगळं पाचपट करायचं का? (एक वाचक, फलटण)

मुख्य जिन्नस पाचपट. मीठ, तिखट आणि गरम मसाला चौपट घालून चव बघा, मग वाढवा. फोडणीचं तेल अडीच-तीनपट पुरतं, कारण ते पातेल्याच्या तळावर अवलंबून असतं. रश्श्याचं पाणी चौपटीच्या आत, कारण मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी जाते. कांदा मात्र एकदम परतू नका, ढीग पडला की तो परतला न जाता शिजतो. दोन-तीन हप्त्यांत परता. केक पाचपट करायचा असेल तर पाच टिन.

प्रश्न : सोडा आणि बेकिंग पावडर किती दिवस चांगली राहते? आमच्याकडे पावसात डब्यातच गोळे होतात. (एक वाचक, पाटण)

तारखेपेक्षा परीक्षा खरी. अर्धा चमचा बेकिंग पावडर गरम पाण्यात टाका, सोडा लिंबाच्या रसात. जोरात फसफसलं तर वापरा. फसफस मंद असेल तर प्रमाण वाढवून चालवू नका, नवीन आणा. पाटण, जावळीच्या पावसाळ्यात पावडर दमट हवेनेच आतल्या आत खर्ची पडते, म्हणून लहान पाकीट घ्यावं, काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावं आणि चमचा कोरडा असावा. गॅसजवळच्या फळीवर बरणी नको, तिथे रोज वाफ लागते.